तीसपैकी तीस गुण म्हणजे नेमके काय? वाढते वय आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या

१३ एप्रिल २०२५ रोजी व्हाइट हाउसने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या नेहमीच्या नोंदींबरोबर त्यात आणखी एक आकडा होता: ‘मोका’ नावाच्या चाचणीत ३० पैकी ३० गुण. ट्रम्प तेव्हा ७८ वर्षांचे होते. जानेवारी २०१८ मध्येही त्यांना याच चाचणीत पूर्ण गुण मिळाल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केले होते.

त्याच्या आदल्या वर्षी चर्चेचे टोक अगदी उलटे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या कमजोर स्मरणशक्तीचा उल्लेख आला. मुलाचे निधन कोणत्या साली झाले हे त्यांना आठवले नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात बायडेन यांची वार्षिक तपासणी झाली, पण गरज नाही म्हणून स्मरणशक्तीची चाचणी घेतली गेली नाही. जूनमधल्या जाहीर वादचर्चेत ते वारंवार अडखळले आणि २१ जुलै रोजी त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते.

या बातम्या आपल्याकडे आल्या आणि त्यांच्याबरोबर दोन समजही आले. पूर्ण गुण मिळाले म्हणजे मेंदू ठणठणीत, हा पहिला. आणि एखादे साल किंवा नाव आठवले नाही म्हणजे डिमेन्शियाची सुरुवात, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. घरात सत्तरी-पंचाहत्तरीचे आईवडील असतील तर या चुकीची किंमत मोठी असते. एका समजामुळे खऱ्या आजाराचे निदान वर्ष-दोन वर्षे लांबते, तर दुसऱ्यामुळे धडधाकट माणसाच्या हातातून पासबुक, किल्ल्या आणि निर्णय काढून घेतले जातात.

या दोन नेत्यांपैकी कोणाचेही निदान करण्याचा इथे हेतू नाही. ज्या व्यक्तीला स्वतः तपासलेले नाही तिच्याबद्दल जाहीर निदान करू नये, असा अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३ पासूनचा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. आपल्याला समजून घ्यायची आहे ती चाचणी.

‘स्मरणशक्तीची चाचणी’ म्हणतात, पण त्यात स्मरणशक्ती किती?

मोका म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी ती तयार केली आणि २००५ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी जगभर १९७५ सालची एमएमएसई ही चाचणी वापरली जात असे. तीही ३० गुणांची. पण डिमेन्शियाच्या अलीकडची जी सौम्य पायरी असते, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात, ती एमएमएसईच्या जाळ्यातून निसटत होती. ती पकडता यावी म्हणून मोका आली.

चाचणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. सांगितलेली वेळ दाखवणारे घड्याळ काढायचे, एका घनाकृतीची नक्कल करायची, चित्रातले प्राणी ओळखायचे, आकडे उलट क्रमाने म्हणायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचे, एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे जमतील तेवढे शब्द सांगायचे, आजची तारीख आणि ठिकाण सांगायचे. मध्ये पाच शब्द दोनदा वाचून दाखवले जातात आणि साधारण पाच मिनिटांनी ते विचारले जातात. हे पाच शब्द वेगवेगळ्या प्रकारांतले असतात, म्हणजे एक रंग, एक फूल, एक इमारत असे. ते शब्द कोणते हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरातल्या कोणाला उद्या ही चाचणी द्यावी लागली, तर ते आधी माहीत नसणेच त्यांच्या फायद्याचे आहे.

आता गुणांचा हिशेब पाहा. तीसपैकी या पाच शब्दांना फक्त पाच गुण आहेत. उरलेले पंचवीस लक्ष, भाषा, आकृती, विचारांची लवचीकता आणि स्थळकाळाचे भान यांसाठी. शिवाय शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून दिला जातो. म्हणजे बारावीपर्यंत शिकलेल्या एखाद्या माणसाला पाचपैकी एकही शब्द आठवला नाही आणि बाकी सगळे अचूक आले, तर त्याची बेरीज होते २६. मूळ निकषाप्रमाणे २६ आणि त्यावरचे गुण सामान्य धरले जातात. पाच मिनिटांपूर्वीचा एकही शब्द न आठवणे ही कोणत्याही वयात दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, पण नुसती बेरीज पाहणाऱ्याच्या नजरेतून ती सुटू शकते. म्हणून अहवाल हातात आला की एकूण आकड्यापेक्षा आतल्या रकाने पाहा.

ही चाचणी निरोगी माणसाला बरीच सोपी जावी अशाच बेताने बनवली आहे. तिने बुद्धिमत्ता मोजली जात नाही, हे नसरेद्दीन यांनी स्वतः पत्रकारांना सांगितले आहे. त्यामुळे ३० पैकी ३० याचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी, या ठरावीक कामांत, ढोबळ दोष दिसला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणून कोणी नेमबाज ठरत नाही, तसेच हे. आणि ज्याचे शिक्षण भरपूर, आयुष्य डोक्याच्या कामात गेलेले, अशा निवृत्त प्राध्यापकाला किंवा वकिलाला २८ गुण मिळूनही आत घसरण सुरू झालेली असू शकते. त्यांची मूळ शिल्लकच मोठी असते, त्यामुळे खर्च लवकर दिसत नाही.

वय कुठे चावते आणि कुठे नाही

वाढत्या वयाने ‘स्मरणशक्ती’ सरसकट कमी होते, ही समजूत फार ढोबळ आहे. मेंदूची सगळी कामे एका गतीने उतरत नाहीत.

सर्वांत आधी उतरतो तो वेग. माहिती घेणे, ती मनात धरून ठेवून तिच्यावर काहीतरी करणे, दोन गोष्टींत लक्ष आलटून-पालटून नेणे, या सगळ्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होऊ लागतो. साठीनंतर तो जाणवतो. घड्याळ लावून घेतलेल्या कोणत्याही चाचणीत वयस्कर माणूस मागे पडतो तो बऱ्याच अंशी यामुळे. ‘एका मिनिटात शब्द सांगा’ म्हटल्यावर आजोबांना आठ सुचतात. दोन मिनिटे दिली तर कदाचित पंधरा सुचतील.

दुसरी उतरते ती आधाराशिवाय आठवण्याची क्षमता. सविस्तर तपासणीत बऱ्याचदा पंधरा शब्दांची यादी पाचदा वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. पंचाहत्तरीत त्यातले सात-आठ शब्द आठवणे अगदी सर्वसाधारण आहे. विशीतल्या मुलाला तेवढेच आठवले, तर मात्र आपण थोडे थांबून पाहू. म्हणजे एकाच आकड्याचा अर्थ वयाप्रमाणे बदलतो. म्हणूनच चांगल्या चाचण्यांना वयानुसार आणि शिक्षणानुसार तक्ते असतात. ‘पंधरापैकी सात’ याला परीक्षेतल्या मार्कांसारखे निम्म्याहून कमी समजणे ही नातेवाइकांची नेहमीची गफलत आहे.

नावे आठवत नाहीत ही तक्रार तर पन्नाशीपासूनच सुरू होते. त्याला कारण आहे. विशेषनामाला अर्थाचे हातपाय नसतात. कोणी सोनार आहे, दागिने घडवतो, असे कळले की मनात दुकान, भट्टी, तराजू असे दहा धागे जोडले जातात. पण एखाद्याचे आडनावच सोनार आहे आणि तो बँकेत नोकरी करतो, तर त्या नावाला लोंबकळायला धागाच नसतो. मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी आडनावे आणि व्यवसाय घेऊन हा प्रयोग केलेला आहे. तोच शब्द व्यवसाय म्हणून जास्त लक्षात राहतो, आडनाव म्हणून कमी. वय वाढले की हा नाजूक धागा आधी सुटतो. नाव अर्ध्या तासाने अंघोळ करताना आपोआप आठवले, तर ते मेंदूत होते, फक्त हाताला लागत नव्हते.

सालांचेही तसेच आहे. घटना आपल्याला आठवतात त्या चित्रांतून, माणसांतून, भावनेतून. ‘२०१५’ असा शिक्का घटनेवर मारून मेंदू ती ठेवत नाही. आपण साल काढतो ते हिशेब करून, तेव्हा धाकटी दहावीत होती, म्हणजे अमुक साल, असे. चाळिशीतला माणूसही यात चुकतो. बायडेन यांच्या मुलाखतीची लिखित प्रत नंतर प्रसिद्ध झाली. त्यात मुलाच्या निधनाचा महिना आणि तारीख, ३० मे, त्यांनीच सांगितलेली दिसते. साल खोलीतल्या इतरांनी सांगितले. यावरून त्यांची स्मरणशक्ती चांगली होती असेही सिद्ध होत नाही आणि बिघडली होती असेही नाही. वकिलाने पाच-सात तास विचारलेले प्रश्न ही वैद्यकीय चाचणी नव्हे, एवढेच त्यातून कळते.

जे टिकते, ते चाचणीत फारसे विचारलेच जात नाही. शब्दसंग्रह साठीपर्यंत वाढतच असतो. व्यवहारज्ञान, सवयीची कौशल्ये, आयुष्यभराच्या अनुभवातून आलेली पारख, हे निरोगी वार्धक्यात बरेच शाबूत राहते. पाहिलेली गोष्ट समोर आली की ओळखणे, हेही फारसे कमी होत नाही. सत्तरीतल्या आजींना लग्नातल्या पाहुण्यांची यादी तोंडपाठ सांगता येणार नाही, पण फोटो दाखवा, त्या एकेकाचे गाव आणि नाते सांगतील.

खरा प्रश्न: आठवत नाही, की साठलेच नाही?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. मोकामध्ये पाच शब्दांपैकी एखादा आठवला नाही तर तपासणारा पुढे इशारा देऊ शकतो, ‘त्यात एक फूल होते’ असा. तरीही आठवले नाही तर तीन पर्याय देऊन विचारतो. इशाऱ्यानंतर आलेल्या उत्तराला एकूण तीस गुणांत जागा नाही. म्हणून घाईत असलेल्या ठिकाणी ही पायरी बऱ्याचदा गाळली जाते. माझ्या मते चाचणीतली सर्वांत मोलाची माहिती तिथेच असते.

निरोगी वार्धक्यात इशारा मिळाला की शब्द येतो. शब्द मेंदूत साठला होता, तिथपर्यंतची वाट मंदावली होती. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइडची कमतरता, अशा कारणांनी आलेल्या विसरभोळेपणातही बऱ्याचदा असेच दिसते. अल्झायमरमध्ये चित्र वेगळे असते. या आजारात मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो. नवी माहिती पक्की करून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. तो बिघडला की शब्द साठतच नाही, आणि जे साठलेच नाही ते इशाऱ्याने येणार कुठून? असा रुग्ण पर्यायांतूनही चुकीचा शब्द निवडतो किंवा यादीत नसलेलाच शब्द खात्रीने सांगतो. काही वेळा तर आपल्याला शब्द सांगितले होते हेच त्याला आठवत नाही.

घरातही हा फरक ओळखता येतो. बाबा लग्नाची तारीख विसरले, पण ‘अहो, पुण्याचं लग्न’ म्हटल्यावर ‘हो हो, बावीस तारखेचं’ म्हणाले, तर काळजी कमी. लग्नाला जाऊन आले, जेवले, फोटो काढले आणि आठवड्याने ‘कोणाचं लग्न? मी कुठे गेलो होतो?’ म्हणाले, तर डॉक्टरांकडे जा. तेव्हा चाचणीत २७ आले तरी जा.

२०२० च्या जुलैमध्ये ट्रम्प यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत या चाचणीतल्या पाच शब्दांची कल्पना देण्यासाठी व्यक्ती, स्त्री, पुरुष, कॅमेरा, टीव्ही असे शब्द म्हणून दाखवले आणि ते जगभर गाजले. हे उदाहरण म्हणूनच घेतले पाहिजे. त्यातले पहिले तीन शब्द एकाच गटातले आहेत, शेवटचे दोनही एकमेकांना जोडलेले. अशी साखळी लक्षात ठेवायला सोपी असते. खऱ्या चाचणीत शब्दांचा एकमेकांशी संबंध नसतो, कारण तसा संबंध असला की साठवण्याची क्षमता नीट कळत नाही.

गुण कमी येण्याची वयाशी संबंध नसलेली कारणे

मोकाची २६ ही सीमारेषा ज्या मूळ अभ्यासातून आली त्यात निरोगी ज्येष्ठ होते अवघे ९०, तेही बऱ्यापैकी शिकलेले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डलास परिसरातल्या २,६५३ सर्वसामान्य लोकांना हीच चाचणी दिली गेली. त्यांची सरासरी आली सुमारे २३.४ आणि ६६ टक्के लोक २६ च्या खाली होते. दोन तृतीयांश लोकांना आजार असणे शक्य नाही, म्हणजे रेषाच फार वर आखली गेली होती. २०१८ मधल्या एका आढाव्याने २३ ही रेषा अधिक योग्य ठरेल असे सुचवले. अनेक दवाखान्यांतल्या छापील कागदावर अजून २६ च आहे.

आपल्याकडे हा मुद्दा आणखी धारदार होतो. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांची तर ९ टक्क्यांच्या आसपास. आज पंचाऐंशीच्या घरात असलेल्या कितीतरी आजींनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. त्यांना घनाकृती काढायला सांगणे म्हणजे शाळेची परीक्षा घेणे आहे, स्मरणशक्तीची नव्हे. हे ओळखून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात संशोधकांनी एमएमएसईचे हिंदी रूप घडवले. वाचून कृती करण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ म्हणायचे, वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगायचे, असे साधे बदल त्यात आहेत. मोकाची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे, आणि फारसे शिक्षण नसलेल्यांसाठी तिचे वेगळे सोपे रूपही आहे. तेव्हा ‘चाचणी कोणत्या भाषेत आणि कोणती घेणार?’ हे विचारायला संकोचू नका. अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांची चाचणी इंग्रजीत होणार असेल, तर हे विचारणे अधिकच गरजेचे. नातवाला दुभाषी म्हणून बसवू नका. आजीला मदत करायच्या ओघात तो उत्तराकडे बोट दाखवून मोकळा होतो.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे, ती सहज सांगतो. ‘क अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा’ म्हटले की काही जण काना-मात्रा नसलेलेच शब्द शोधत बसतात. कमळ, कप, कढई चालेल, पण किल्ला आणि कोबी चालेल का, या विचारात मिनिट संपते. तपासणाऱ्याने हे आधीच स्पष्ट करायला हवे.

ऐकू कमी येणे हे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण. जो शब्द नीट ऐकूच आला नाही तो आठवणार कसा? मोतीबिंदूचेही तेच. श्रवणयंत्र घरी ठेवून चाचणीला येणारे रुग्ण खूप दिसतात, ‘डॉक्टर मोठ्याने बोलतीलच की’ म्हणून.

भीती हेही एक कारण आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्कर लोकांना तेच काम दिले गेले. सूचनांमध्ये ‘ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे’ यावर भर दिला तेव्हा वयस्कर लोक मागे पडले. स्मरणशक्तीचा उल्लेख टाळला तेव्हा तो फरक दिसला नाही. १९९३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात वयस्कर लोकांची कामगिरी सकाळी चांगली आणि दुपारी उशिरा घसरलेली आढळली, तरुणांचे उलट. म्हणून शक्य तर सकाळची वेळ घ्या. आणि गाडीतून येताना ‘बाबा, आज सोमवार आहे हं, लक्षात ठेवा’ अशी उजळणी घेऊ नका. त्याने गुण एखाद्याने वाढेल, पण ताण त्याहून जास्त वाढेल.

औषधांकडेही पाहा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधे, वारंवार लघवीला होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, यांनी स्मरणशक्तीवर धुके येते. चाचणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

मग साठीनंतर सगळ्यांचीच चाचणी का घेऊ नये?

अमेरिकेत निकी हेली यांनी २०२३ मध्ये ७५ वर्षांवरील राजकारण्यांसाठी मानसिक क्षमतेची चाचणी सक्तीची करावी असे सुचवले होते. ऐकायला रास्त वाटते. आपल्याकडेही घरोघरी ‘वर्षातून एकदा करून टाकू’ असे म्हणणारे आहेत. पण थोडे गणित करून पाहू.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे. समजा साठीवरचे एक हजार लोक चाचणीला आले. त्यात ७४ जणांना खरोखर आजार आहे, ९२६ जणांना नाही. समजा चाचणी चांगली आहे. आजारी असलेल्या दहांपैकी नऊ जणांना ती पकडते आणि निरोगी दहांपैकी आठ जणांना बरोबर मोकळे सोडते. मग ती ७४ पैकी ६७ जणांना पकडेल. पण ९२६ निरोगी लोकांपैकी १८५ जणांवरही संशयाचा शिक्का मारेल. म्हणजे ‘संशयित’ ठरलेल्या सुमारे २५० जणांत खरा आजार असलेले चारातले एक. उरलेले तिघे घरी जाऊन झोप उडवून बसतील, आणि सून-मुलगा त्यांच्या प्रत्येक विसरण्याकडे संशयाने पाहू लागतील. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ गटाने फेब्रुवारी २०२० मध्ये, तक्रार नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाचणी करावी की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला तो अशाच कारणांनी. तक्रार असेल तर मात्र चाचणी जरूर करावी. तिथे गणित बदलते.

राष्ट्राध्यक्ष असो की सोसायटीचा खजिनदार, माणूस काम करण्यालायक आहे का, हे पाच शब्दांवरून ठरत नाही. ते त्याच्या कामावरून ठरते. घरातल्या माणसासाठीही हाच मार्ग अधिक खात्रीचा आहे. डॉक्टर तुम्हाला विचारतील, दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसे आहे? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर बेतलेल्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, आणि शिक्षण कमी असलेल्या माणसांत त्या विशेष उपयोगी पडतात. त्यामुळे चाचणीच्या आधी घरच्यांनी बसून काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. पेन्शनचे पैसे मोजून घेता येतात का? आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीत आई एखादी पायरी विसरते का, की फक्त आता दमते म्हणून करत नाही? नेहमीच्या देवळातून घरी येताना वाट चुकली का? एकच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारला जातो का? फोनवरच्या भामट्याला ओटीपी दिला गेला का, आणि पूर्वी असे कधी झाले असते का? शक्य तिथे तारीख घाला. ‘हल्ली फार विसरतात’ यापेक्षा ‘दिवाळीपासून तीनदा गॅस चालू राहिला’ हे डॉक्टरांच्या कामाचे असते.

शंका आली तर पुढे रक्तातले बी-१२ आणि थायरॉइड, ऐकण्याची तपासणी, नैराश्याबद्दल प्रश्न, झोपेत घोरणे व श्वास अडकणे याची चौकशी, आणि गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय, असा क्रम असतो. यातली काही कारणे उपचारांनी सुधारतात. अल्झायमरच्या खुणा शोधणाऱ्या एका रक्तचाचणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, पण तीही लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील लोकांसाठी, सहज कुतूहल म्हणून करून घेण्यासाठी नाही.

एमसीआय असे निदान झाले तर तो डिमेन्शिया नव्हे. तज्ज्ञांच्या दवाखान्यांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के पुढे डिमेन्शियाकडे जातात. काही जण वर्षानुवर्षे तिथेच राहतात, काहींचे गुण पुन्हा सुधारतात. एका चाचणीपेक्षा सहा महिने ते वर्षभराने केलेली दुसरी चाचणी जास्त बोलते, कारण तेव्हा माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. दुसऱ्या वेळी शब्द बदललेली पर्यायी आवृत्ती वापरायला सांगा. तीच आवृत्ती पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात आणि घसरण झाकली जाते. पहिल्या चाचणीचा कागद, आतल्या रकान्यांसकट, फाइलमध्ये जपून ठेवा.

आणि गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, ताप आहे, लघवीला जळजळ आहे, शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, पडून डोक्याला मार लागला आहे किंवा तोंड वाकडे झाले आहे, तर स्मरणशक्तीच्या चाचणीची वेळ घेत बसू नका. अशा वेळी ती घेऊनही काही कळत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जा.